अतितीव्र बौद्धिक अक्षमता आणि संज्ञापन

ज्या व्यक्तींना बोलीभाषा वा लेखी भाषा आयुष्यभर आत्मसात होत नाही, ज्यांना खाणे, स्वच्छता व हालचाल यांसाठी सर्वकाळ दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते आणि ज्यांची बुद्धिमत्ता नेहमीच्या कसोट्यांनी मोजताच येत नाही, त्यांच्या अवस्थेस अतितीव्र बौद्धिक अक्षमता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या रोगवर्गीकरणात २० पेक्षा कमी बुद्धिगुणांक ही या अवस्थेची मर्यादा मानलेली होती. पुढील वर्गीकरणांत बुद्धिगुणांकापेक्षा दैनंदिन व्यवहारातील क्षमतेवर अधिक भर देण्यात आला. अपस्मार, मेंदूचा पक्षाघात, दृष्टिदोष किंवा श्रवणदोष यांपैकी एखादी व्याधी पुष्कळदा जोडीला असते. मराठीत या अवस्थेसाठी जडबुद्धी, मनोदौर्बल्य, मतिमंदत्व अशा संज्ञा वेळोवेळी रूढ होत्या [⟶ मनोदौर्बल्य].

अशी व्यक्ती आणि तिचा सांभाळ करणारे माणूस यांच्यामध्ये काही देवघेव चालते, हे घरातील कोणासही सिद्ध करून दाखवावे लागत नाही. ‘बोलत नाही, पण मला कळते’ असे आई सांगते. शास्त्राला मात्र हे वाक्य दीर्घकाळ अडचणीचे वाटत आले. अंगावर पुरळ उठणे हे लक्षण होय. बोट दाखविणे ही खूण होय. पहिल्यात सांगण्याचा हेतू नसतो, दुसऱ्यात असतो. श्वासाची बदललेली लय, ताठरलेले अंग, दातांचा करकर आवाज, एका बाजूला वळलेली नजर यांची गणना कशात करावयाची, या प्रश्नाभोवती या विषयाचा दोनशे वर्षांचा इतिहास फिरतो.

या प्रश्नाचा पहिला सविस्तर लेखी पुरावा फ्रान्समधील आहे. जानेवारी १८०० मध्ये दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों विभागातील सँ-सर्नँ या गावी सुमारे अकरा-बारा वर्षांचा, रानात एकटा राहिलेला एक मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याच वर्षी त्याला पॅरिसमधील मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेत आणण्यात आले. प्रख्यात मनोविकारतज्ञ फिलिप पीनेल याने मुलाची तपासणी करून तो जन्मतःच जडबुद्धी असल्याचा निर्वाळा दिला. संस्थेतील तरुण वैद्य झां मार्क गास्पार ईतार (१७७४–१८३८) यास हे मान्य नव्हते. मुलाचे मांद्य माणसांच्या सहवासाअभावी आले आहे, असे धरून त्याने त्याच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व त्याचे व्हिक्टर असे नाव ठेवले. या प्रयोगाचे १८०१ व १८०६ असे दोन वृत्तांत त्याने लिहिले. व्हिक्टर मुळातच अक्षम होता की सहवासाच्या अभावामुळे तसा झाला, हा वाद मिटलेला नाही. आजच्या अर्थाने त्याची अवस्था अतितीव्र होती, असेही म्हणता येणार नाही. तथापि न बोलणाऱ्या मनुष्याचे म्हणणे दुसऱ्याला कसे कळते, याची इतकी बारकाईची नोंद त्यापूर्वी कोणी केलेली आढळत नाही.

ईतारचे लक्ष वाचेवर खिळलेले होते. मुलाने गरजेपोटी शब्द उच्चारावा म्हणून त्याने बरेच प्रयत्न केले. अखेर व्हिक्टरच्या तोंडून दूध या अर्थाचा ‘ले’ हा फ्रेंच शब्द बाहेर पडला. पण तो दूध मागताना नव्हे, तर दूध पेल्यात पडल्यावर. ईतारची त्यामुळे निराशा झाली. गरज व्यक्त करण्याचे साधन म्हणून हा शब्द निरुपयोगी आहे, तो केवळ आनंदाचा उद्गार आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. पुढे धातूची अक्षरे जुळवून हाच शब्द त्याला शिकविण्यात आला. थोड्या दिवसांनी व्हिक्टर ती चार अक्षरे आपण होऊन खिशात घालून वेधशाळेच्या परिसरातील एका घरी गेला. तेथे त्याला रोज दूध मिळत असे. तेथील मेजावर त्याने ती अक्षरे ओळीने मांडली. या घटनेचे ईतारला अतिशय कौतुक वाटले.

ज्या गोष्टी शिकवाव्या लागल्या नाहीत, त्या वृत्तांतात ओघाने येतात. मुलाची प्रत्यक्ष देखभाल मादाम गेरँ ही स्त्री करीत असे. तिच्या व त्याच्या दरम्यान वस्तूंची व हालचालींची एक भाषा आपोआप तयार झाली होती. हातगाडीत बसून फिरावेसे वाटले की तो माणसाला दंडाला धरून गाडीपाशी नेई. माणूस बधला नाही, तर स्वतःच गाडीला दोन-तीन फेऱ्या मारून दाखवी व पुन्हा आत जाऊन बसे. पाहुण्यांचा कंटाळा आला की तो त्यांची काठी, हातमोजे व टोपी त्यांच्या हाती देऊन त्यांना दाराकडे ढकली. पाणी आणावयास पाठविताना मादाम गेरँ रिकामे भांडे उपडे करून दाखवी आणि तेवढ्याने त्याला उमगे. पुढे तिचा पती मरण पावला. जेवणाच्या मेजावर ताटे मांडण्याचे काम व्हिक्टरकडे असे. त्या संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे मृताचेही ताट मांडले. ते पाहून मादाम गेरँला दुःख अनावर झाले, तेव्हा त्याने ते ताट उचलून कपाटात ठेवले आणि पुन्हा कधीही मांडले नाही.

दुसऱ्या वृत्तांतानंतर ईतारने वाचाशिक्षणाचा प्रयत्न सोडून दिला व तो बधिरांच्या अभ्यासाकडे वळला. मादाम गेरँने मात्र सरकारी मोबदल्यावर व्हिक्टरचा सांभाळ चालूच ठेवला. १८२८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तिने स्वतः लिहिलेले काही उपलब्ध नाही; त्या दोघांमधील भाषेविषयी जे ज्ञात आहे, ते सर्व ईतारने जाताजाता टिपलेले आहे. प्रयोग फसला असे ज्याने ठरविले त्याच्याच कागदपत्रांत संज्ञापनाचा एवढा पुरावा सापडावा, ही गोष्ट या विषयाच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

कारण पुढील शतकभर वाचा हाच बुद्धीचा मापदंड राहिला. झां एत्येन एस्कीरोल (१७७२–१८४०) या फ्रेंच वैद्याने १८३८ च्या आपल्या ग्रंथात जडबुद्धीच्या पायऱ्या वाणीवरूनच ठरविल्या : काही शब्द व छोटी वाक्ये वापरणारे, एकाक्षरी शब्द किंवा नुसते ओरडणे एवढेच जमणारे आणि वाणी मुळीच नसलेले. शेवटच्या पायरीवरील माणसाला सांगण्यासारखे काही असू शकते, ही कल्पनाच या मांडणीत बसत नव्हती. ईतारचा शिष्य एद्वार सेगँ (१८१२–८०) याने ही मांडणी प्रयोगाने नाकारली. १८४६ च्या आपल्या ग्रंथात त्याने स्पर्श, स्नायू व अनुकरण यांच्या द्वारा शिक्षण देण्याची पद्धती सविस्तर सांगितली. नंतर तो अमेरिकेत स्थायिक झाला. त्याच्या साधनांचा आपल्याकडील परिचय मात्र आडवाटेने झाला. मारिया माँटेसरी हिने ईतार व सेगँ यांचे ग्रंथ स्वहस्ते उतरवून काढले होते आणि बालवाडीत मुले हाताळतात त्या साच्यांत व ठोकळ्यांत सेगँच्या कल्पनांचा अंश आहे. सेगँच्या नावाचा आकृतिफलक भारतातील मानसशास्त्रीय चिकित्सालयांत मुलांचे मानसिक वय काढण्यासाठी वापरला जातो. मंद मुलाच्या हाताला शिकविण्यासाठी निघालेले साधन त्याचे मांद्य मोजण्याच्या कामी यावे, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय म्हटला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोप-अमेरिकेतील शाळांची जागा मोठमोठ्या बंदिस्त आश्रमांनी घेतली. इंग्लंडच्या १९१३ च्या मनोदौर्बल्यविषयक कायद्याने सर्वांत खालच्या वर्गाची व्याख्या सामान्य शारीरिक धोक्यांपासून स्वतःला वाचवू न शकणारे अशी केली. भारतात १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याने जडबुद्धी मनुष्याची गणना वेड्यांतच केली होती. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अंमलात येईपर्यंत तीच स्थिती राहिली. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार झालेल्या बिने-सायमन कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी केलेले रूपांतर १९४० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. शालेय मुलांच्या दृष्टीने ते महत्त्वाचे होते. परंतु अशा कसोट्या बहुतांशी प्रश्नोत्तरांवर उभ्या असल्याने ज्याला प्रश्नच कळत नाही तो त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

आश्रमांचा संज्ञापनावर झालेला परिणाम साधा होता. आई एका मुलाचे हुंकार वर्षानुवर्षे ऐकते. आश्रमातील परिचारक पाळीनुसार बदलतात आणि एकेकाकडे अनेकजण सोपविलेले असतात. ज्याचे रडणे भुकेचे कोणते व दुखण्याचे कोणते हे ओळखणारे कोणी उरत नाही, त्याचे दोन्ही रडणे सारखेच होऊन बसते आणि कालांतराने थांबते. आश्रमातील हे मौन मग त्याच्या जडत्वाचे लक्षण म्हणून नोंदविले जाई. रॉय किंग, नॉर्मा रेन्स व जॅक टिझर्ड यांनी इंग्लंडमधील मुलांच्या निवासी संस्थांची तुलना करून १९७१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांशी होणारे बोलणे व वागणे हे केवळ त्यांच्या अक्षमतेवर नव्हे, तर संस्थेच्या रचनेवर अवलंबून असते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले.

या मौनाला पहिला तडा गेला तो अगदी अनपेक्षित दिशेने. पॉल फुलर या अमेरिकन संशोधकाने १९४९ मध्ये एका अठरा वर्षे वयाच्या तरुणावरील प्रयोग प्रसिद्ध केला. हा तरुण पाठीवर पडून असे. त्याला कूसही बदलता येत नसे. तो काही शिकू शकणार नाही, असे डॉक्टरांचे मत होते. फुलरने त्याला पिचकारीने साखर घातलेले कोमट दूध तोंडात देण्यास आरंभ केला. परंतु उजवा हात थोडा हलला तरच. चार बैठकींत तो तरुण हात सरळ वर उचलू लागला. लेखाच्या शीर्षकात त्याचा उल्लेख वनस्पतिवत् मानवी जीव असा होता, हे आज वाचताना खटकते. तरीही शिकणे अशक्य या समजुतीचा त्या चार पानांनी पाया काढून घेतला. योगायोगाने येथेही मध्यस्थ दूधच होते. फुलरला हवी होती ती क्रिया व तिची पुनरावृत्ती. हात उचलणे ही मागणी आहे काय, हा प्रश्न त्याने विचारला नाही.

तो प्रश्न पुढे आला बालभाषेच्या अभ्यासातून. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानुसार शिक्षणास अपात्र ठरविलेल्या मुलांना शाळेबाहेर ठेवता येत असे. १९७० च्या कायद्याने ही तरतूद रद्द केली आणि एप्रिल १९७१ पासून प्रत्येक मूल शिक्षणखात्याच्या कक्षेत आले. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला नेमके काय शिकवावयाचे, हे शिक्षकांना कोणी सांगितलेले नव्हते. याच सुमारास एलिझाबेथ बेट्स व तिच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की तान्हे मूल प्रथम हेतू नसताना परिणाम घडविते. नंतर शब्दांवाचून पण हेतुपूर्वक खुणा करू लागते. शब्द त्यामागून येतात. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात मूल जाते ते आईमुळे. बाळाने हुंकार भरला की आई ‘काय रे, भूक लागली का?’ म्हणून त्याला उत्तर देते. हुंकारात अर्थ असो वा नसो, तो आहे असे धरून ती वागते आणि अशा हजारो उत्तरांनंतर त्यात अर्थ येतो. बौद्धिक अक्षमतेच्या अभ्यासकांना येथे किल्ली सापडली. खूण आधी व तिचे आकलन मागून, हा क्रम नेहमीच खरा नसतो. पुष्कळदा उत्तरातूनच खूण घडते.

मँचेस्टरमधील एका शाळेतील शिक्षकांनी जुडिथ कूप हिच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये यावर आधारलेली एक निरीक्षणपद्धती तयार केली. मुलाला निरनिराळ्या चवी, आवाज, स्पर्श देऊन त्याचे डोळे, तोंड, हात, श्वास यांत होणारे बदल टिपावयाचे. आवड, नावड, नको, आणखी हवे यांच्या खुणा पुनःपुन्हा सारख्याच दिसतात काय, हे पाहावयाचे. आणि मग त्या खुणांना सर्वांनी एकसारखे उत्तर द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. लेव्हस्डन रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ जेराइंट एफ्राइम याने याहून पुढचे पाऊल टाकले. आई व तान्हे यांच्यातील खेळ प्रौढ रुग्णांबरोबर खेळावा, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या विचारांवरून हार्परबरी येथील रुग्णालयीन शाळेत मेलनी नाइंड व डेव्ह ह्यूइट यांनी सघन आंतरक्रिया ही पद्धती विकसित केली; १९९४ मध्ये तिच्यावर त्यांचा ग्रंथ निघाला. या पद्धतीत परिचारक काही शिकवीत नाही. तो जवळ बसतो, वाट पाहतो. समोरची व्यक्ती टिचक्या वाजवीत असेल तर त्याच लयीत टिचक्या वाजवितो आणि थांबतो. त्या थांबण्यात बरेच काही घडते. आपण केले म्हणून दुसऱ्याने केले, हे त्या व्यक्तीच्या ध्यानी येण्यासाठी तेवढा अवकाश लागतो. चाळीस वर्षांच्या माणसाशी तान्ह्यासारखे वागणे त्याच्या प्रतिष्ठेस बाधक आहे, असा आक्षेप या पद्धतीवर घेण्यात आला. आक्षेपामागील भावना आदरणीय आहे. पण ज्याच्याशी दुसऱ्या कोणत्याही रीतीने बोलता येत नाही, त्याच्याशी न बोलण्यात प्रतिष्ठा कोणती, या प्रश्नाचे उत्तर आक्षेपकांकडून मिळालेले दिसत नाही.

यूरोपात इतरत्रही असे प्रयत्न झाले. नेदर्लंड्समध्ये यान व्हान डाइक याने अंधबधिर मुलांसाठी तयार केलेल्या पद्धतीत चमचा म्हणजे जेवण, पंचा म्हणजे आंघोळ अशा वस्तुरूप खुणा आहेत. मादाम गेरँचे उपडे भांडे त्याच कुळातले. जर्मनीत आंद्रेआस फ्रलिख याने १९७५ नंतर स्पर्श, कंप व श्वास यांवर आधारलेली पद्धती रूढ केली. अमेरिकेत एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. डोके आपटणे, हाताला चावणे यांसारखी वर्तने अनेकदा ‘हे काम नको’ किंवा ‘माझ्याकडे पाहा’ एवढेच सांगत असतात आणि तेच सांगण्याची दुसरी सोपी खूण शिकविली की ती कमी होतात. ज्याला आजवर खोड समजून दडपले जात होते, ते बोलणे होते असे यातून निघते.

परंतु अर्थ धरून चालण्याच्या या रीतीत एक धोका आहे. आई म्हणते ते मुलाचे म्हणणे की तिचे स्वतःचे? १९९० नंतर अमेरिकेत साहाय्यित संज्ञापन नावाची पद्धती वेगाने पसरली. तीत मदतनीस न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात धरून तिच्याकडून अक्षरफलकावर शब्द लिहवून घेई. मुलांच्या हातून सुंदर वाक्ये, कविता उमटू लागल्या. पालकांना आनंदाचे भरते आले. न्यूयॉर्क राज्यातील एका केंद्रात झालेली व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी निर्णायक ठरली. मदतनीस व व्यक्ती यांना वेगवेगळी चित्रे दाखविली असता मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचेच नाव लिहिले गेले. मदतनीस लबाड नव्हते. आपला हात आपणच चालवीत आहोत, याची त्यांना जाणीव नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रीय संघाने १९९४ मध्ये या पद्धतीस शास्त्रीय आधार नसल्याचा ठराव केला. एस्कीरोलला वाणी नसलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे काही दिसले नाही. येथे त्याच्या तोंडी नको तेवढे घालण्यात आले. दोन्ही ठिकाणी तो स्वतः गप्पच राहिला. १९९९ मध्ये निकोला ग्रोव्ह व तिच्या सहकाऱ्यांनी सुचविलेला मार्ग अधिक सबुरीचा आहे : एकाच्या अर्थावर विसंबू नये, त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या अनेकांची निरीक्षणे ताडून पाहावी, दुसरा अर्थ संभवतो काय ते विचारावे आणि निष्कर्ष तात्पुरता मानावा.

याची सर्वांत मोठी कसोटी रुग्णालयात लागते. वेदनेची सर्वांना समान अशी खूण या व्यक्तींमध्ये आढळत नाही. कोणी वेदना होताना हसतो, कोणी निपचित पडतो. इंग्लंडमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेशमापन पद्धतीत म्हणूनच व्यक्ती समाधानात असताना कशी दिसते, हे आधी लिहून ठेवावयाचे असते. क्लेश ओळखता येतो तो त्या तुलनेने. त्याच वर्षी तेथील मेंकॅप या संस्थेने रुग्णालयांत मृत्यू पावलेल्या सहा बौद्धिक दृष्ट्या अक्षम व्यक्तींची हकिकत प्रसिद्ध केली आणि पुढील वर्षी सर जॉनथन मायकेल यांच्या चौकशी अहवालाने कुटुंबीयांच्या सांगण्याकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार खरी असल्याचे मान्य केले. आईला कळते ते वैद्याला कळत नाही, हा दोष समजण्यासारखा आहे. आईला विचारले जात नाही, हा तसा नाही.

महाराष्ट्रात या व्यक्तींसाठी संघटित काम सुरू झाले ते एका आईच्याच हातून. जय वकील यांनी स्वतःच्या मुलीच्या गरजेतून १९४४ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. केंद्र शासनाने १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे मानसिक दृष्ट्या अपंगांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तथापि अतितीव्र अक्षमतेच्या व्यक्ती बहुतांशी घरातच राहिल्या. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बहुविध वा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याची मुभा दिली. तिचा लाभ आहे तसा तोटाही आहे, कारण मुलाचे बोलणे ओळखणारे माणूस घरातले एकच राहते. एकत्र कुटुंबात आजी, काकू, भावंडे यांपैकी कोणाला तरी त्या खुणा कळत. शहरातील दोन खोल्यांच्या घरात त्या केवळ आईला कळतात. स्कॉटलंडमध्ये सॅली मिलर हिने १९९१ पासून प्रचारात आणलेली संज्ञापन पुस्तिका यावरील एक साधा उपाय आहे. ‘मी भुवया उंचावल्या म्हणजे आणखी हवे’, ‘मी मान फिरवली म्हणजे पुरे’ अशा नोंदी छायाचित्रांसह पहिल्या पुरुषात लिहून ती पुस्तिका व्यक्तीबरोबर ठेवली जाते. चाळीस पानांच्या वहीतही ती होऊ शकते आणि तिला मराठीत काहीच अडचण नाही.

आमच्या पश्चात याचे काय, ही भारतातील पालकांची सर्वांत जुनी चिंता होय. तिला उत्तर म्हणून १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. त्यानुसार जिल्हास्तरीय समिती पालक नेमू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगहक्कविषयक कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली आणि २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यातील संज्ञापनाच्या व्याख्येत स्पर्श, खुणा, चित्रे व पर्यायी साधने यांचा अंतर्भाव झाला. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत अक्षम व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची यादी सादर करावी व दरवर्षी हिशेब द्यावा, असे बंधन आहे. त्या व्यक्तीच्या खुणांची नोंद आधीच्या पालकाकडून घेण्याचे किंवा पुढच्याकडे देण्याचे बंधन त्यात घातलेले नाही.